जिमचा ट्रेनर कसा पारखायचा? अमळनेरच्या या प्रिन्सिपलची गोष्ट वाचा

जळगाव असो नाहीतर धुळे, आता गल्लोगल्ली जिम झाल्यात. फी भरायच्या आधी आपण काय बघतो? ट्रेनरचे दंड आणि त्याचे रील्स. पण ज्याची बॉडी भारी, त्याला शिकवताही भारी येतं असं काही नसतं. आणि चुकीच्या माणसाच्या हातात पडलो, तर कंबर आणि गुडघे आपलेच जातात.

मग ट्रेनर पारखायचा कसा? त्यासाठी शंभर वर्षं मागं, जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला जावं लागतं.

अमळनेर म्हटलं की साने गुरुजी आठवतात. पण १९२४ मध्ये गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायला आले, त्याच्या आधीच गावातलं नॅशनल कॉलेज एका माणसानं गाजवलं होतं. त्यांचं नाव जगन्नाथ गणेश गुणे. पुढं जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागलं.

गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगं हुशार. १९०३ साली मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्यात शिकताना ते जुम्मादादा व्यायाममंदिराच्या राजरत्न माणिकरावांकडे गेले. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं त्यांनी तिथं घाम गाळला. म्हणजे दुसऱ्याला शिकवण्याआधी स्वतः शिकून घेतलं.

तिथून ते खानदेशात आले. खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवू लागले आणि १९१६ मध्ये अमळनेरच्या नॅशनल कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. कॉलेजमध्ये राष्ट्रवादाचं वारं होतं. इंग्रज सरकारला ते खुपलं आणि १९२० मध्ये कॉलेजला टाळं लागलं.

पण त्याच्या एक वर्ष आधी, १९१९ मध्ये, गुणेंच्या आयुष्यात मोठा बदल झाला होता. नर्मदाकाठच्या मालसरला त्यांना परमहंस माधवदास महाराज भेटले. त्यांच्याकडून ते योग शिकले.

खरी गोष्ट इथून सुरू होते.

गुरूंवर त्यांची श्रद्धा होती. पण गुरू सांगतात म्हणून खरं, एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९२०-२१ मध्ये त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन बडोद्याचं हॉस्पिटल गाठलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे तपासायला घेतलं. पुढं एक्स-रे आले, दाब मोजायची यंत्रं आली. नौली करताना आतड्यात हवेचा दाब कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही काढलं. प्रयोग कसा केला आणि त्यातून काय निघालं, ते त्यात छापून यायचं, म्हणजे कुणालाही तपासता यावं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्राणायामानं शरीराला भरपूर जास्त ऑक्सिजन मिळतो, असं लोक मानायचे. आजही मानतात. कुवलयानंदांनी मोजलं आणि प्राणायामाचा फायदा ऑक्सिजनमुळे नाही असं मांडलं. आपल्याच विषयाबद्दलचा लाडका समज खोडून काढायला हिंमत लागते.

पुढं १९२७ मध्ये तब्येत बिघडल्यावर गांधीजींनी त्यांचा सल्ला घेतला. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या येल विद्यापीठातले कोवूर बेहनन अभ्यासासाठी लोणावळ्याला येऊन राहिले. कुवलयानंदांनी लोणावळ्यात योगाचं कॉलेजही काढलं. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचं निधन झालं. कैवल्यधाम आजही सुरू आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडं येऊ. पुढच्या वेळी फी भरण्याआधी ट्रेनरला तीन गोष्टी विचारा.

१. तू कुणाकडं शिकलास आणि किती वर्षं?

२. माझं वजन, ताकद, जुनी दुखणी याची नोंद ठेवणार का? की सगळ्यांना एकच तक्ता?

३. हा व्यायाम किंवा ही पावडर का, आणि फरक पडला नाही तर काय करणार?

तिसऱ्या प्रश्नावर जो चिडतो, त्याच्याकडं फी भरू नका. जो थांबून विचार करतो आणि गरज पडली तर माहीत नाही असं सरळ सांगतो, तो माणूस कामाचा. मग त्याचे दंड थोडे बारीक असले तरी चालतील.