एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी

शाळाशाळांमधील फुटबॉलच्या सामन्यांत 'सुब्रतो चषक' हें नांव आम्हां विद्यार्थ्यांच्या कानांवर नेहमीं येतें. परंतु ज्यांच्या नांवें हा चषक दिला जातो ते पुरुष कोण, हें आम्हांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें. म्हणून त्यांचें अल्प चरित्र येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सुब्रतो मुखर्जी यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजीं कलकत्ता येथें झाला. त्या काळीं हिंदी मनुष्यास विमानदळाचा कारभार पेलेल कीं नाहीं, याविषयीं राज्यकर्त्यांस मोठी शंका होती. तिचें निरसन कृतीनेंच होणार होतें. इंग्लंडांतील क्रॅनवेल येथें विमानविद्येच्या शिक्षणासाठीं निवडलेल्या पहिल्या हिंदी तरुणांत मुखर्जी हे एक होते.

८ आक्टोबर १९३२ रोजीं हिंदी विमानदळ स्थापन झालें आणि १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीनजीक ड्रिग रोड येथें त्याचें पहिलें स्क्वाड्रन उभें राहिलें. सारा संभार काय तो चार वापिटी विमानें, मूठभर अधिकारी व १९ हवाई शिपाई! त्यांतच पहिल्या पांच वैमानिकांपैकीं दोघे त्याच वर्षीं अपघातांत मरण पावले. तथापि मुखर्जींनीं धीर सोडिला नाहीं.

पुढें हें स्क्वाड्रन वायव्य सरहद्दीवर गेलें. १६ मार्च १९३९ रोजीं मुखर्जी त्याचे प्रमुख झाले. स्क्वाड्रनचें आधिपत्य मिळविणारे ते पहिले हिंदी अधिकारी होत. १९४० सालीं मिरानशहाच्या मुलखांत सैन्याचें एक ठाणें शत्रूच्या वेढ्यांत सांपडलें व तेथील दारूगोळा संपत आला. मुखर्जींनीं आपल्याच विमानांतील तोफेच्या गोळ्या काढविल्या व विमान अगदीं खालीं आणून त्या ठाण्यांत टाकिल्या. स्वतःचें रक्षण उणें करून त्यांनीं इतरांस तारिलें. १९४२ सालीं मजुमदार यांच्या नेतृत्वाखालीं याच स्क्वाड्रननें ब्रह्मदेशांत जपान्यांशीं झुंज दिली, तेव्हां उरलीसुरली शंकाही मावळली.

मुखर्जींच्या पत्नी शारदाबाई या पंडित नांवाच्या मराठी घराण्यांतील; पतिनिधनानंतर रत्नागिरीकरांनीं त्यांस लोकसभेवर निवडून दिलें. १ एप्रिल १९५४ रोजीं, म्हणजे पहिल्या स्क्वाड्रनच्या स्थापनेस बरोबर २१ वर्षें झालीं त्या दिवशीं, मुखर्जी भारतीय विमानदळाचे पहिले भारतीय सरसेनापति झाले. हंटर, कॅनबेरा यांसारखीं जेट विमानें त्यांच्याच कारकीर्दींत दळांत आलीं.

८ नोव्हेंबर १९६० रोजीं जपानांत टोकियो येथें भोजन करितांना घास श्वासनलिकेंत अडकून त्यांचा अंत झाला. ज्या वीरानें सरहद्दीवरील अग्निवर्षाव पचविला, त्यास एवढेंसें निमित्त पुरलें! शालेय मुलांसाठीं फुटबॉलची स्पर्धा असावी ही कल्पना त्यांचीच. ती त्याच वर्षीं सुरू झाली.

आपल्या योग्यतेविषयीं कोणी शंका घेतल्यास वादांत न शिरतां नेमून दिलेलें काम चोख करावें, हाच धडा या चरित्रांतून आम्हीं घ्यावयाचा आहे.