जुनी फार्गो खाली बसवायचीये? आधी ती भारतात आणणाऱ्या वालचंद हिराचंद यांची गोष्ट वाचा

धुळे म्हणजे हायवेची चौफुली. मुंबई-आग्रा रस्ता मालेगावकडून येतो आणि शिरपूरकडे निघून जातो. सुरतेहून येणारा रस्ता त्याला धुळ्यात छेदतो आणि पारोळा, एरंडोल, जळगाव करत नागपूरकडे जातो. खानदेशचा कापूस असो की रावेर-यावलची केळी, माल बाहेर काढायचा तर गाडी लागते. त्यामुळे ट्रक आणि त्याचे पाटे हा विषय इथल्या लोकांना वेगळा शिकवावा लागत नाही.

1950 आणि 60 च्या दशकात देशातल्या रस्त्यांवर लांब नाकाचे डॉज आणि फार्गो धावायचे. दोन्ही गाड्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या. गाडी जवळपास तीच, पाटी वेगळी. आज त्यातली एखादी पिकअप भंगारात जाण्यापासून वाचली, तर शौकीन मंडळी ती घेतात, रंगवतात, क्रोम चमकवतात. मग एक प्रश्न हमखास निघतो. गाडी खाली बसवायची का?

म्हणजे सस्पेन्शन कमी करायचं आणि गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी दिसेल इतकी खाली आणायची. ते कसं करतात हे पुढे बघूच. पण त्याआधी दुसरा प्रश्न. ही गाडी भारतात आणली कुणी?

त्याचं उत्तर सोलापुरात आहे.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा. कुटुंब गुजराती जैन, मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, पण सोलापुरात स्थिरावलेलं. घरचा व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. शिकायला मुंबई, पुणे झालं, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. बसल्या जागी व्याज मोजत राहण्यात वालचंद यांना रस नव्हता.

अशात त्यांना लक्ष्मणराव बळवंत फाटक भेटले. फाटक आधी रेल्वेत कारकून होते, पुढे ठेकेदारीत उतरले. फाटकांकडे कामाची माहिती आणि वालचंद यांच्याकडे भांडवल. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ही जोडी सुरू झाली. पुढे बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत त्यांचं काम पोहोचलं. 1926 मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली, ती यातूनच.

पण वालचंद यांचं डोकं एका ठेक्यावर थांबणारं नव्हतं. 1919 मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकायला निघालं. मूळचं कॅनडियन पॅसिफिक कंपनीचं एम्प्रेस ऑफ इंडिया, पहिल्या महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरलेलं. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना सोबत घेऊन ते विकत घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. 5 एप्रिल 1919 ला एस. एस. लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. समुद्रावर तेव्हा ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. त्यांनी दर पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला, पण कंपनी टिकली. 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासामुळे.

खानदेशच्या दारातही त्यांनी काम उभं केलं. धुळ्याहून मुंबईकडे निघालं की मालेगाव लागतं. त्याच मालेगाव तालुक्यातल्या रावळगावात खडकाळ माळावर त्यांनी ऊस लावला आणि 1933 मध्ये साखर कारखाना काढला. लहानपणी चघळलेल्या रावळगावच्या गोळ्या आठवतात ना? त्या इथल्याच. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगरही त्यांचंच.

आता येऊ गाड्यांवर.

भारतात तेव्हा मोटारी जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईत शेवरोले जोडायला सुरुवात केली होती. पण सुटे भाग खोक्यांतून यायचे, इथे फक्त बोल्ट आवळले जायचे. गाडी पूर्णपणे भारतात बनली पाहिजे, हा आग्रह धरणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव होतं सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचं. हे तेच विश्वेश्वरय्या, ज्यांनी मुंबई इलाख्यात नोकरीला लागल्यावर सुरुवातीच्या काळात धुळ्यात काम केलं आणि पांझरेच्या पात्राखालून पाणी नेणारा सायफन बांधला. 1930 च्या दशकात त्यांनी मोटार कारखान्याची योजना मांडली आणि वालचंद यांनी ती उचलून धरली.

मुंबईत बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस सरकार होतं, त्याचाही पाठिंबा होता. फोर्डशी बोलणी झाली, फिसकटली. मग क्रायस्लरशी जमलं. पण 1939 मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि खेर सरकारने राजीनामा दिला. दिल्लीतल्या इंग्रज सरकारला भारतात मोटारी बनवण्याची घाई नव्हती. लष्कराला ट्रक हवे होते, पण ते बनवणारा भारतीय कारखाना नको होता. योजना लटकली.

दुसरा कुणी असता तर थकला असता. वालचंद यांनी त्याच काळात दोन नवे उद्योग काढले. 1939 मध्ये अमेरिकेहून परतताना विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी पडली. त्यातून डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट स्थापन झाली. जून 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाज बांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली.

गंमत बघा, विमानाला परवानगी मिळाली पण मोटारीला नाही. आणि विमानाचा कारखानाही त्यांच्याकडे राहिला नाही. 1942 मध्ये जपान दाराशी आल्यावर सरकारने तो ताब्यात घेतला. आजची एचएएल ती हीच.

मोटारीचा नाद मात्र सुटला नाही. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि 1947 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षी, तिथून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लायमाउथ आणि आपली फार्गो. सुरुवातीला इथेही खोक्यांतून आलेले भागच जोडले जात होते. फरक हेतूचा होता. हळूहळू एकेक भाग इथे बनवायला घ्यायचा होता. 1951 मध्ये फियाटची छोटी 500 गाडीही आली.

पण वालचंद यांच्याकडे वेळ उरला नव्हता. 1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते कामातून बाजूला झाले. 1952 मध्ये विशाखापट्टणमचा कारखानाही सरकारकडे गेला. 8 एप्रिल 1953 ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. त्याच सुमारास सरकारने ठरवलं, की ज्यांच्याकडे सुटे भाग भारतात बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स निघून गेली, प्रीमियर राहिली. ज्या गोष्टीसाठी हा माणूस भांडला ते देशाचं धोरण झालं, तेव्हा तो नव्हता. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी बनली. तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली.

आता परत आपल्या पिकअपकडे.

या जुन्या गाड्यांना पुढे-मागे सरळ दांड्याचा अ‍ॅक्सल आणि त्यावर पाटे असतात. पाटे म्हणजे पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्यांची चळत, मधोमध सेंटर बोल्टने आणि यू-बोल्टने आवळलेली. वजन पडलं की कमान सरळ होते, उतरलं की परत वाकते. गाडी उंच असते कारण माल भरल्यावर तिला दबायला जागा लागते. रिकामी पिकअप मागून उंच दिसते, तो दोष नाही, तिचं कामच तसं आहे.

ती खाली आणायचे मुख्य मार्ग तीन. पाट्यांच्या चळतीतली एखादी पट्टी काढायची किंवा कमानीचा बाक कमी करायचा. मागचे पाटे अ‍ॅक्सलच्या खाली बसवलेले असतील तरच अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी ठोकळा टाकून लांब यू-बोल्ट लावायचे. नाहीतर अ‍ॅक्सल पाट्याच्या खालून काढून वर बसवायचा. तिसऱ्यात गाडी सगळ्यात जास्त खाली येते. पण मग अ‍ॅक्सल चेसिसला आपटतो आणि चेसिसला खाच मारावी लागते.

प्रत्येकाची किंमत आहे. पट्टी काढली की भार पेलायची ताकद कमी होते. दबायची जागा घटली की खड्ड्यात गाडी थेट आपटते. स्टिअरिंगच्या दांड्यांचा आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, शॉकअ‍ॅब्सॉर्बरही छोटे लागतात.

वर कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे ठामपणे सांगितलंय. 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले. 50 वर्षांपेक्षा जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी असेल तर ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये. अट एकच मोठी आहे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नको. म्हणजे खाच मारलेली चेसिस घेऊन गेलात तर हा मान गमावण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून शौक असलाच तर आधी आरटीओत विचारा. आणि कुर्ल्यातून निघालेल्या गाडीचे काढलेले पाटे, यू-बोल्ट भंगारवाल्याला देऊ नका. त्यातला कुठला भाग परदेशातून आला आणि कुठला इथे बनला, हे त्यावरच्या ठशांवरून कळू शकतं. वालचंद यांचं अर्धं आयुष्य हा आकडा परदेशाकडून भारताकडे सरकवण्यात गेलं. त्याचा पुरावा अशा जुन्या गाड्यांच्या पोटाखाली अजून शिल्लक असू शकतो.