डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर : विद्यापीठाबाहेरील एक विद्वज्जीवन

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे नाव ज्ञानकोशकार म्हणून रूढ झाले आहे. त्या उपाधीमुळे त्यांच्या कार्याचा गौरव झाला, तसाच संकोचही झाला. भारतीय समाजरचनेविषयी इंग्रजीत दोन महत्त्वाचे ग्रंथ लिहून पाश्चात्य विद्वत्समाजात प्रवेश मिळविलेला हा अभ्यासक वयाच्या तिशीनंतर प्रामुख्याने मराठीकडे वळला. विद्यापीठीय आसन त्याला स्थिरपणे कधीच लाभले नाही. म्हणून त्याने विद्येसाठी स्वतःची संस्था उभारली आणि त्या संस्थेचा भार अखेरपर्यंत वाहिला. भारतीय समाजाविषयीचा शास्त्रीय ग्रंथ कोणी लिहावा, कोणत्या भाषेत लिहावा आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हे तीन प्रश्न केतकरांच्या चरित्रात एकत्र गुंतलेले आहेत. त्यांच्या आयुष्याकडे या दृष्टीने पाहिल्यास त्यातील वरवर विसंगत दिसणाऱ्या घटनांची संगती लागते.

१. जडणघडण

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले. मातापित्यांचे छत्र लवकर हरपल्याने स्वावलंबन त्यांच्या वाट्याला अकाली आले. मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रदेश पुण्यामुंबईच्या वाङ्मयीन केंद्रांपासून दूर होता आणि तेथे मराठी, हिंदी, तेलुगू व गोंडी भाषक समाज एकमेकांच्या सान्निध्यात नांदत होते. समाज म्हणजे अनेक जनसमूहांचा, निरनिराळ्या पायऱ्यांवर उभा असलेला समुच्चय होय, ही केतकरांच्या विचारातील मध्यवर्ती कल्पना पुढे ग्रंथाभ्यासाने पक्व झाली. तिला अनुकूल अशी भूमी मात्र त्यांना बालपणीच मिळाली होती. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात काही काळ अध्ययन केल्यानंतर १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. त्या काळी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणारा मराठी तरुण बहुधा इंग्लंडची वाट धरी आणि बॅरिस्टरी किंवा सनदी नोकरी हे त्याचे लक्ष्य असे. केतकरांनी देश वेगळा निवडला आणि विषयही वेगळा निवडला. १९११ मध्ये त्यांना पीएच.डी. ही पदवी मिळाली.

२. दोन इंग्रजी ग्रंथ

भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासाचा केतकरांनी लिहिलेला पहिला खंड १९०९ मध्ये इथाका येथे प्रसिद्ध झाला. मनुस्मृतीच्या आधारे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील भारतीय समाजस्थितीचे विवेचन करणे, हा त्याचा विषय होता. धर्मशास्त्राचा ग्रंथ आज्ञापत्र म्हणून न वाचता तत्कालीन समाजाचा पुरावा म्हणून वाचावा, ही त्यामागील भूमिका होती. या ग्रंथाला जोडलेल्या परिशिष्टात केतकरांनी तत्कालीन मानववंशशास्त्राच्या मूलभूत दोषांची चिकित्सा केली. नाकाडोक्याच्या मोजमापांवरून जातींची वांशिक उत्पत्ती सांगणारा रिस्लेप्रभृतींचा सिद्धान्त त्या वेळी शासकीय मान्यता पावलेला होता. जनगणनेच्या अहवालांतूनही तो प्रसृत होत होता. अशा काळी पंचविशीतील एका भारतीय विद्यार्थ्याने त्या सिद्धान्ताच्या पायावरच आक्षेप घ्यावा, ही घटना लहान नव्हे.

दुसरा खंड १९११ मध्ये लंडनच्या लुझॅक या प्राच्यविद्येच्या प्रकाशनसंस्थेने काढला. हिंदुत्वाची घडण आणि त्याचे भवितव्य हा त्याचा विषय होता. ख्रिस्ती किंवा इस्लामी संप्रदायाच्या अर्थाने हिंदू हा संप्रदाय नाही, अनेक जातिजमातींच्या दीर्घकालीन एकत्रीकरणातून तो समाज घडला आहे, असे प्रतिपादन त्यात आहे. जातिभेदाचा प्रश्न केतकरांना केवळ नैतिक उपदेशाने सुटणारा वाटत नव्हता. समाजाची रचना ज्या नियमांनी झाली ते नियम समजून घेतल्यावाचून तिच्यात बदल घडविता येणार नाही, अशी त्यांची धारणा होती.

या ग्रंथाचा सर्वांत मार्मिक वाचक अमेरिकेतच भेटला, परंतु तो अमेरिकन नव्हता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेविषयी निबंध वाचला आणि पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापला गेला. सेनार, नेसफील्ड व रिस्ले यांच्या व्याख्यांबरोबर त्यांनी केतकरांची व्याख्याही तपासली. एकेकटी जात सुटी न पाहता जातिव्यवस्थेच्या संदर्भात तिचा विचार करणे, हे केतकरांचे वैशिष्ट्य त्यांनी मान्य केले. मात्र जन्मावर आधारलेले सभासदत्व आणि जातीबाहेर विवाह करण्यास बंदी ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. अंतर्विवाह हाच जातीचा प्राण होय, या आंबेडकरांच्या निष्कर्षाची वाट अशा रीतीने केतकरांच्या व्याख्येवरून जाते. शास्त्रीय ग्रंथाचे खरे यश त्याच्या स्तुतीपेक्षा अशा खंडनमंडनात असते. ही चर्चा दोन मराठी भाषकांमध्ये, परंतु मराठीबाहेर घडली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

३. कलकत्ता ते नागपूर

लंडनमध्ये काही काळ राहून १९१२ मध्ये केतकर स्वदेशी परतले. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी थोडा काळ अध्यापन केले. १९१४ मध्ये त्यांचे भारतीय अर्थशास्त्रावरील आणि हिंदू कायद्याच्या ऐतिहासिक अभ्यासपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाले. अध्यापकाचे पद टिकले असते, तर जातिसंस्थेच्या इतिहासाचे पुढील खंडही कदाचित इंग्रजीतच लिहिले गेले असते. तसे झाले नाही. त्या मालेतील तिसरा खंड निघाला नाही.

तत्कालीन शैक्षणिक परिस्थिती पाहिली म्हणजे या वळणाचा अर्थ स्पष्ट होतो. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये आणि पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. म्हणजे केतकर परतले तेव्हा त्यांच्या विषयाला महाराष्ट्रात घर नव्हते. पुढे डॉ. गो. स. घुर्ये यांनी मुंबईच्या विभागात दीर्घकाळ अध्यापन केले आणि त्यांच्या शिष्यांची परंपरा निर्माण झाली. केतकरांना अशी परंपरा लाभली नाही. विभाग, ग्रंथालय, शिष्य आणि वेतन या चारही गोष्टींची उणीव त्यांनी एका ग्रंथप्रकल्पाने भरून काढावयाचे ठरविले.

४. ज्ञानकोश : ग्रंथ आणि संस्था

आंध्र प्रदेशात हिंडत असता तेलुगू ज्ञानकोशाच्या कल्पनेशी केतकरांचा संबंध आला आणि मराठीत असे कार्य करण्याचा संकल्प दृढ झाला. नागपूर येथे ज्ञानकोश मंडळ या मर्यादित कंपनीची स्थापना झाली. राजाश्रय किंवा एखाद्या धनिकाची देणगी यांवर विसंबून न राहता भाग घेणारे भागीदार आणि आगाऊ नोंदणी करणारे वर्गणीदार यांच्या बळावर विद्वत्तेचा ग्रंथ काढावयाचा, ही त्यांची योजना होती. यापुढे संपादक हाच व्यवस्थापक, प्रचारक आणि विक्रेताही झाला. गावोगाव हिंडून लोकांस ज्ञानकोश म्हणजे काय हे समजावून सांगावे, वर्गणीदार मिळवावे, लेखकवर्ग जमवावा, त्याला लिहिण्याचे शिक्षण द्यावे आणि मुद्रणाची व्यवस्था पाहावी, असा हा व्याप होता. कार्यालय नंतर पुण्यास आले.

महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० ते १९२९ या काळात प्रकाशित झाले. त्यांपैकी पहिले पाच प्रस्तावनाखंड आहेत : ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. कोशाच्या वर्णानुक्रमात न बसणारी ही योजना अनेकांना अनावश्यक वाटली. वस्तुतः केतकरांचा अपुरा राहिलेला समाजेतिहास येथेच मराठीतून अवतरला आहे. वेदमंत्रांची रचना आणि यज्ञसंस्थेचा विकास यांचा सामाजिक अंगाने विचार, दाशराज्ञ युद्धाला दिलेले ऐतिहासिक महत्त्व, मंत्रसंस्कृतीपूर्वीच्या सूतसंस्कृतीची कल्पना, ही या खंडांतील प्रतिपादने होत. त्यांतील कित्येक पुढील संशोधनात टिकली नाहीत. तथापि पुराणे व महाकाव्ये यांच्यामागे सूतांची स्वतंत्र परंपरा उभी आहे, या दिशेने मराठीत पद्धतशीर विचार होण्यास त्यांनी चालना दिली.

ज्ञानकोशावरील आक्षेप निराधार नव्हते. माहितीच्या ग्रंथात संपादकाची मते डोकावतात, लेखांचा दर्जा सारखा नाही, काही भागांत इंग्रजी कोशांचा आधार उघड दिसतो, हे सर्व खरे आहे. परंतु या दोषांचे मूळ कार्याच्या स्वरूपातच होते. मराठीत ज्या विषयांची परिभाषाही स्थिर झाली नव्हती, त्यांवर ठरलेल्या मुदतीत खंडामागून खंड देण्याचे बंधन वर्गणीदारांच्या पैशाने घातले होते. विलंब झाला तर पैसा थांबे, घाई केली तर लेखन उणे राही. सोलापूर जिल्ह्यातील नातेपुते यांसारख्या, विद्यापीठापासून दूर असलेल्या गावी इंग्रजी विश्वकोश शिक्षकाच्या आवाक्यात असणे शक्य नव्हते. अशा वाचकाला जगाचे आणि स्वतःच्या समाजाचे ज्ञान त्याच्या भाषेत मिळावे, ही या कार्याची कसोटी मानली, तर त्याचे मूल्यमापन वेगळे होते. हा अनुभव केतकरांनी १९२७ मध्ये आपल्या बारा वर्षांच्या कार्याचा इतिहास लिहून मांडला. मराठी ग्रंथव्यवहाराच्या अभ्यासकाला तो अद्याप उपयुक्त आहे.

५. शीलवतीबाई

या कार्यात केतकरांच्या सहधर्मचारिणीचा वाटा स्वतंत्र नोंदीस पात्र आहे. लंडनमध्ये परिचय झालेल्या ईडिथ कोहन या ज्यू विदुषी १९२० मध्ये भारतात आल्या. व्रात्यस्तोम विधीनंतर त्यांचा केतकरांशी विवाह झाला आणि त्या शीलवतीबाई झाल्या. जातिबाह्य विवाहावरील निर्बंध हे जातीचे लक्षण म्हणून सांगणाऱ्या अभ्यासकाने स्वतःच्या आयुष्यात तो निर्बंध ओलांडला आणि तेही प्राचीन शास्त्राचा आधार घेऊन. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचे भाषांतर शीलवतीबाईंनी प्रथम केतकरांच्या उपयोगासाठी केले. पुढे कलकत्ता विद्यापीठाने ते प्रकाशित केले. त्याचा पहिला खंड १९२७ मध्ये व दुसरा १९३३ मध्ये निघाला. संस्कृत वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी हा ग्रंथ हाताळला. एका मराठी कोशाच्या गरजेतून त्याचा आरंभ झाला, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही.

६. कादंबरी आणि उत्तरायुष्य

ज्ञानकोशाच्या धकाधकीतच केतकरांनी कादंबरीलेखन आरंभिले. ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘परागंदा’, ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०), ‘विचक्षणा’ इत्यादी कादंबऱ्यांवर कलाहीनतेचा आरोप वारंवार झाला. कथानकाची सैल वीण, चर्चेचा भार आणि रुक्ष भाषा हे दोष नाकारता येत नाहीत. परंतु ‘ब्राह्मणकन्या’तील कालिंदीला कोणत्याही जातीत निश्चित स्थान नाही, ही त्या कादंबरीची समस्याच जातिसंस्थेच्या इतिहासकाराला सुचणारी आहे. अंतर्विवाहाचा नियम मोडला गेल्यावर पुढील पिढीचे काय होते, या प्रश्नाला शास्त्रीय ग्रंथात व्यक्तीचा चेहरा देता येत नाही. तो कादंबरीने दिला. त्याच कादंबरीत नवी स्मृती रचू पाहणारे वैजनाथशास्त्री हे पात्र येते, ते मनुस्मृतीच्या अभ्यासकाचे कल्पनाचित्र होय. दुर्गा भागवत यांनी केतकरांच्या कादंबरीवर स्वतंत्र पुस्तक लिहून या लेखनाकडे पाहण्याची दृष्टी पालटली.

१९३१ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद केतकरांना मिळाले. मान मिळाला, तरी विवंचना सरली नाही. गुजराती ज्ञानकोशाचा उपक्रम त्यांनी हाती घेतला, पण तो सिद्धीस गेला नाही. प्राचीन महाराष्ट्राचा इतिहास लिहिण्याच्या योजनेतील शातवाहन पर्व १९३५ मध्ये प्रकाशित झाले. पुढील भाग अपुरे राहिले. आर्थिक ओढगस्त आणि ढासळती प्रकृती यांच्याशी झगडत १० एप्रिल १९३७ रोजी पुणे येथे, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

७. समारोप

केतकरांच्या आयुष्यात अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथांची संख्या मोठी आहे. त्यावरून त्यांना चंचल ठरविण्याचा मोह होतो. परंतु पूर्ण झालेले कार्य आणि अपुरे राहिलेले कार्य यांचा संबंध कार्यकारणाचा आहे. २३ खंड पूर्ण व्हावे यासाठी जातिसंस्थेच्या इतिहासाचे पुढील खंड मागे राहिले. ज्या परिश्रमांतून एका विद्वानाची कीर्ती वाढली असती, ते एका भाषेच्या सामर्थ्यवृद्धीसाठी खर्ची पडले. ज्ञानकोश कार्यालयात तयार झालेले य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश सिद्ध केला. १९६० नंतर शासनाच्या आश्रयाने मराठी विश्वकोशाचे कार्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. मराठीतून सर्व विद्यांचे लेखन होऊ शकते, हे तोवर सिद्ध झालेले होते आणि ते सिद्ध करण्याचे मोल एका व्यक्तीने आधीच चुकते केले होते.

विद्यापीठीय संशोधनाची साधने आज वाढली आहेत, प्रबंधांची संख्याही वाढली आहे. तथापि भारतीय समाजाविषयीचे प्रमाणभूत लेखन इंग्रजीत व्हावे आणि मराठीने त्याचा सारांश तेवढा घ्यावा, ही विभागणी पुष्कळ अंशी कायम आहे. केतकरांनी ती विभागणी नाकारली. त्यांचे सिद्धान्त तपासून बाजूला ठेवता येतील, कित्येक ठेवलेही गेले आहेत. त्यांनी केलेली भाषेची निवड मात्र मराठीच्या अभ्यासकाला अजून उत्तर मागत आहे.