विश्लेषण : तळ्याच्या पाण्यात प्राणिसृष्टी शोधणारा कापडव्यापारी! पदवी नसलेल्या ल्युवेनहॉक यांच्यावर विज्ञानाने विश्वास कसा ठेवला?

शाळेत सूक्ष्मजीवांचा धडा शिकताना अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक हे नाव हमखास येते. पण त्यांनी हे जीव पाहिले तेव्हा त्यांच्या सांगण्यावर अनेकांचा विश्वास बसला नव्हता. हा माणूस कोण होता? त्याला पाण्यात काय दिसले? आणि ते सिद्ध कसे झाले?

कोण होते ल्युवेनहॉक?

नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात 1632 मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील टोपल्या विणत. ल्युवेनहॉक लहान असतानाच ते वारले. ल्युवेनहॉक यांनी ॲमस्टरडॅममध्ये कापडाच्या दुकानात उमेदवारी केली, नंतर डेल्फ्टमध्ये स्वतःचे दुकान थाटले आणि 1660 पासून नगरपालिकेत नोकरीही केली. विद्यापीठाचे शिक्षण नाही, लॅटिन येत नाही. त्या काळी विज्ञानाचा बराचसा व्यवहार लॅटिनमध्ये चाले. कापडाची वीण तपासायला व्यापारी भिंग वापरत. ल्युवेनहॉक मात्र स्वतः भिंगे तयार करू लागले.

सूक्ष्मदर्शक कसा होता?

धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवलेले एकच इवलेसे भिंग, मागे नमुना टोचायला सुई आणि ती हलवायला स्क्रू. उपकरण तळहातात मावणारे, डोळ्याला जवळजवळ चिकटवून पाहावे लागे. आज उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत शक्तिशाली उपकरण वस्तू सुमारे 270 पट मोठी दाखवते.

तळ्यात काय सापडले?

डेल्फ्टपासून काही अंतरावर बर्केल्स मीर नावाचे तळे होते. तळ दलदलीचा, हिवाळ्यात पाणी स्वच्छ. उन्हाळ्यात मात्र ते पांढुरके होई आणि त्यात हिरवे पुंजके तरंगत. स्थानिक लोक याचे कारण दव असल्याचे मानत. ल्युवेनहॉक यांनी 1674 मध्ये ते पाणी बाटलीत भरून आणले. भिंगाखाली शेवाळाचे वळणदार हिरवे धागे दिसले आणि त्यांच्यामध्ये फिरणारे अतिसूक्ष्म जीवही!

विश्वास का बसला नाही?

लंडनच्या रॉयल सोसायटीला ते डच भाषेत पत्रे लिहीत. डॉक्टर रेनियर द ग्राफ यांनी 1673 मध्ये त्यांची ओळख करून दिली होती. पण 1676 च्या पत्रात त्यांनी पाण्याच्या थेंबातील असंख्य जीवांचे वर्णन केले, तेव्हा शंका घेतली गेली. लंडनमध्ये सुरुवातीला ते कोणाला दिसेनात. ल्युवेनहॉक यांनी धर्मोपदेशकांसह आठ जणांना हे जीव दाखवून त्यांची लेखी साक्ष पाठवली. अखेर नोव्हेंबर 1677 मध्ये रॉबर्ट हूक यांनी सोसायटीच्या सदस्यांसमोर हे जीव दाखवले. 1680 मध्ये ल्युवेनहॉक सोसायटीचे सदस्य झाले.

पाणवनस्पतींवर काय दिसले?

सत्तरीतही त्यांचे काम थांबले नाही. 1702 मध्ये त्यांनी पाण्यावर तरंगणारी डकवीड ही चिमुकली वनस्पती काचेच्या नळीत ठेवून तिची मुळे न्याहाळली. मुळांना हायड्रा चिकटलेले होते. त्यांची पिल्ले पालकाच्या अंगावरच फुटून वाढतात आणि मग सुटी होतात, हे त्यांनी नोंदवले. आज आपण याला कलिकायन म्हणतो. सुमारे चार दशकांनी अब्राहम ट्रेम्ब्ली यांनी द हेगजवळ हायड्राचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यापासून पूर्ण प्राणी तयार होत असल्याचे दाखवले.

त्याच सुमारास ल्युवेनहॉक यांनी पन्हाळीतला वाळलेला गाळ पाण्यात भिजवला आणि त्यातले रोटिफर पुन्हा हालचाल करू लागले. उथळ पाणी आटले तरी त्यातले जीव संपत नाहीत, याची ही मोठी खूण होती.

रहस्य कधी उलगडले?

ल्युवेनहॉक 1723 मध्ये, वयाच्या 90 व्या वर्षी वारले. त्यांनी 500 हून अधिक भिंगे बनवली, पण सर्वोत्तम भिंगांची कृती कोणाला सांगितली नाही. रॉयल सोसायटीला दिलेले 26 चांदीचे सूक्ष्मदर्शक पुढे हरवले. 2021 मध्ये उरलेल्या उपकरणांची न्यूट्रॉन किरणांनी, ती न उघडता तपासणी झाली. त्यात एक भिंग घासून केलेले, तर सर्वांत शक्तिशाली भिंग काच वितळवून केलेला गोळा असल्याचे आढळले. म्हणजे पद्धत त्या काळी माहीत असलेलीच होती. हूक यांनीही 1665 मध्ये तशी कृती छापली होती. वेगळा होता तो हात, आणि तळ्याचे पाणी भिंगाखाली धरून पाहण्याची इच्छा.