पडद्यावरची लुईस आणि बेटी डेव्हिस

१९३८ चा ‘द सिस्टर्स’ हा चित्रपट मोंटानातील एका औषधविक्रेत्याच्या तीन मुलींच्या संसारांची कथा सांगतो. थोरली लुईस वार्ताहर फ्रँकबरोबर पळून जाऊन विवाह करते. तो मद्याच्या आहारी जातो, तिला सोडून जहाजावर निघून जातो. त्यातच १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप. तरीही अखेरीस लुईस त्याला क्षमा करते. हा शेवट आज पटत नाही. लुईस साकारणाऱ्या बेटी डेव्हिसच्या आयुष्यात तर तो घडलाच नाही. चित्रपट ऑक्टोबरमध्ये झळकला आणि डिसेंबरमध्ये संगीतकार पती हार्मन नेल्सनपासून तिचा घटस्फोट झाला. पत्नीची मिळकत पतीहून कितीतरी अधिक, हे त्या संसाराचे जुने दुखणे होते.

बेटीचा जन्म ५ एप्रिल १९०८ चा, मॅसॅच्युसेट्समधील लोवेलचा. ती सात वर्षांची असताना आईवडील विभक्त झाले. आई रूथीने छायाचित्रणाच्या व्यवसायावर दोन्ही मुली वाढवल्या. चांगल्या भूमिकांसाठी १९३६ मध्ये बेटी बलाढ्य वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध लंडनच्या न्यायालयात उभी राहिली. खटला हरली, पण भूमिका मिळाल्या आणि ‘जेझेबेल’ने तिला दुसरे ऑस्कर मिळवून दिले. संसार मात्र एकही टिकला नाही. दुसरा पती १९४३ मध्ये वारला, उरलेले तिन्ही विवाह घटस्फोटात संपले. मानसिक आजाराने ग्रासलेल्या धाकट्या बहिणीचा, बार्बराचा, भार तिनेच वाहिला. ६ ऑक्टोबर १९८९ रोजी फ्रान्समध्ये तिचे निधन झाले. लॉस एंजलिसमधील तिच्या समाधीत सोबतीला आई आणि बहीण आहेत.