करवत आणि मोजदाद

माझे वडील लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करतात. म्हणूनच फ्रेडरिक वेअरहाउझर या अमेरिकन लाकूडसम्राटाचे चरित्र वाचताना त्याच्या वैभवापेक्षा त्याच्या पहिल्या नोकऱ्यांतच माझे मन अधिक गुंतले.

१८३४ साली जर्मनीतील एका शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. बाराव्या वर्षी वडील गेले, शाळा सुटली. १८५२ साली घरच्यांबरोबर तो अमेरिकेत आला. आधी बिअरच्या कारखान्यात राबला. मग १८५६ मध्ये मिसिसिपीकाठच्या रॉक आयलंड गावी लाकूड कापण्याच्या गिरणीत लागला. तेथे त्याच्याकडे लाकडांची मोजदाद आली. माझ्या मते त्याचे नशीब इथेच फिरले. हिशेब लिहिणारा माणूस करवतीपासून दूर उभा असतो, हे मी वखारीत पाहिले आहे.

१८५७ च्या मंदीत मालक बुडाले. १८६० साली त्याने साडू डेंकमन याच्यासह तीच गिरणी विकत घेतली. पुढे विस्कॉन्सिनचे पाइन वृक्ष नदीतून वाहत त्याच्या गिरण्यांकडे येऊ लागले. १८६२ च्या कायद्याने जमीन कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर मिळत. याने १९०० साली वॉशिंग्टन राज्यातले ९ लाख एकर जंगल एकरी ६ डॉलरने एका रेल्वे कंपनीकडून घेतले. म्हणजे साडेपाच हजारांहून अधिक कुटुंबांचा वाटा! १९१४ मध्ये तो वारला.

वडिलांना मी हे सारे सांगितले. त्याची बोटे शेवटपर्यंत शाबूत होती का, एवढेच त्यांनी विचारले.