बाभळीचे बारसे

कार्ल लिनियस पेशाने डॉक्टर होते. १७०७ मध्ये स्वीडनमधील एका पाद्र्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्या काळी बहुतेक औषधे झाडपाल्याचीच, त्यामुळे डॉक्टरला वनस्पती ओळखता येणे भागच होते. अडचण नावांची होती. एकेका वनस्पतीचे नाव म्हणजे लॅटिनमधील लांबलचक वर्णन, तेही प्रत्येक ग्रंथात वेगळे. उपसाला विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक असताना, १७५३ मध्ये लिनियस यांनी 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथात सुमारे सहा हजार वनस्पतींना दोन शब्दी नावे दिली. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जणू आडनाव. दुसरा त्या जातीचा.

लिनियस भारतात कधीच आले नाहीत. इकडच्या वनस्पती त्यांनी पाहिल्या त्या वाळवलेल्या नमुन्यांत आणि पुस्तकांतील चित्रांत. शिवाय वर्गीकरणासाठी ते मुख्यतः फुलातील पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजत. मोजायला सोपी, पण नाते ठरवायला कच्ची अशी ही रीत. आपली बाभूळ त्यांनी लाजाळूच्या 'मिमोसा' प्रजातीत घातली. पुढे ती 'अकेशिया' झाली. अलीकडे डीएनएच्या अभ्यासातून अकेशिया हे एक कुटुंब नसल्याचे दिसले. २००५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियातील मोठ्या गटाकडे गेले आणि बाभूळ 'व्हॅचेलिया निलोटिका' ठरली. आडनाव दोनदा बदलले; लिनियस यांनी दिलेले 'निलोटिका' मात्र टिकले.

भुईआवळ्याची गोष्ट वेगळी, आणि औषध घेणाऱ्यांसाठी अधिक महत्त्वाची. लिनियस यांचे 'फायलँथस निरुरी' हे नाव अमेरिकेतील वनस्पतीचे. दिसायला तशाच असलेल्या आपल्याकडच्या भुईआवळ्यालाही वर्षानुवर्षे तेच नाव लावले गेले. आता तो 'फायलँथस अमारस' म्हणून ओळखला जातो. इथे नाते बदलले नाही, ओळख दुरुस्त झाली. म्हणूनच काविळीवरील जुन्या संशोधनात 'निरुरी' असे वाचले, तरी प्रत्यक्षात कोणते रोप तपासले होते, हे त्याचा वाळवलेला नमुना जपून ठेवला असेल तरच खात्रीने सांगता येते.

लिनियस १७७८ मध्ये वारले. त्यांचा संग्रह १७८४ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज तरुणाने विकत घेतला. तो आज लंडनच्या लिनियन सोसायटीत आहे. एखाद्या नावावरून वाद झाला, की वनस्पतिशास्त्रज्ञ आजही तिथले ते जुने कागद उघडून पाहतात.